न्या. महादेव गोविंद रानडे यांची हायकोर्टावरील नेमणूक : खानदेशांतील एका बदलीच्या अनुषंगानें

सांप्रतच्या नंदुरबार जिल्ह्यांत, शहादें तालुक्यांत, ब्राह्मणपुरी या नांवाचें गांव आहे. सन १८१८ त पेशवाई बुडाल्यावर हा मुलूख इंग्रजांच्या खानदेश जिल्ह्यांत आला. १९०६ त खानदेशाचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग झाले, तेव्हां तो पश्चिम खानदेशांत गेला. पश्चिम खानदेशास पुढें धुळें जिल्हा म्हणूं लागले. आणि १९९८ च्या जुलई महिन्याच्या पहिल्या तारखेस त्यांतून नंदुरबार हा निराळा जिल्हा निघाला. जिल्ह्याचीं नांवें अशीं पालटलीं तरी एक गोष्ट १८६२ पासून आजपर्यंत कायम आहे. ती ही कीं, या गांवच्या माणसानें दिवाणी दावा लावला व तो शेवटपर्यंत लढविला, तर त्या दाव्याचे कागद मुंबईच्या हायकोर्टापर्यंत जातात. गांवचा बांध, गहाणखत, वांटणी, दत्तविधान यांसारखा तंटा पायरी पायरीनें वर चढत जातो व अखेर मुंबई हायकोर्टाच्या न्यायासनापुढें उभा राहतो.

या पायऱ्यांवरून दावे जसे चढतात, तशीं माणसेंही चढलीं. प्रस्तुत लेखांत आम्ही अशा एका माणसाच्या चढणीचा विचार करणार आहों. न्या. महादेव गोविंद रानडे हे १८७९ त धुळ्यास पहिल्या वर्गाचे दुय्यम न्यायाधीश होते, आणि १८९३ त ते मुंबई हायकोर्टाचे न्यायाधीश झाले. या दोन सालांमध्यें चवदा वर्षांचें अंतर आहे. पहिल्या सालीं सरकार त्यांचें टपाल फोडून पाहात होतें. दुसऱ्या सालीं त्याच सरकारच्या राणीच्या नांवानें ते अपिलें ऐकावयास बसले. हा पालट कसा झाला, यासंबंधीं दोन मतें लोकांत रूढ आहेत. कांहीं म्हणतात, रानड्यांची विद्वत्ता इतकी थोर होती कीं सरकारास त्यांस टाळणें शक्यच नव्हतें. दुसरे कांहीं म्हणतात, त्यांनीं सरकारशीं जमवून घेतलें व त्याचें फळ त्यांस मिळालें. हीं दोन्ही मतें नोकरीच्या क्रमाशीं ताडून पाहिल्यावांचून स्वीकारूं नयेत, असें आम्हांस वाटतें.

१. अपिलाची व्यवस्था

आधीं न्यायाची शिडी पाहिली पाहिजे. मराठेशाहींत गांवचा तंटा प्रथम गोतसभेपुढें किंवा पंचायतीपुढें येई. निवाडा झाल्यावर महजर किंवा निवाडपत्र होई. जिंकणाराकडून हरकी व हरणाराकडून गुन्हेगारी घेत. गोताचा निर्णय ज्यास मान्य नसे तो दिवाणांत किंवा हुजुरांत फिर्याद नेई. जुन्या घराण्यांच्या दप्तरांत जीं निवाडपत्रें सांपडतात, त्यांत एकाच वादाचे पिढ्यान् पिढ्या पुन्हा पुन्हा झालेले निवाडे असतात. म्हणजे वरच्या ठिकाणीं दाद मागण्याची कल्पना आपल्याकडे इंग्रजांनीं आणली असें नाहीं. तथापि कोणत्या निर्णयावर कोणाकडे, किती दिवसांत व कोणत्या मुद्द्यावर जावयाचें, याचा बांधीव नियम तेव्हां नव्हता.

इंग्रजी अंमलांत प्रथम एल्फिन्स्टन साहेबांनीं पंचायती चालू ठेवण्याचा प्रयत्न केला. पुढें १८२७ सालचे रेग्युलेशन झाले व जिल्ह्यांचीं न्यायालयें आणि त्यांवर सदर दिवाणी अदालत अशी रचना स्थिर झाली. सन १८६१ त पार्लमेंटनें हायकोर्टांचा कायदा केला, आणि त्यान्वयें मुंबईचें हायकोर्ट १४ ऑगस्ट १८६२ रोजीं सुरू झालें. मुंबई शहराचें सुप्रीम कोर्ट आणि मोफसलची सदर अदालत हीं दोन्ही त्यांत विलीन झालीं. म्हणूनच या हायकोर्टाच्या दोन शाखा झाल्या : मुंबई शहराचे मोठे दावे मुळापासून चालविणारी ओरिजिनल शाखा, आणि जिल्ह्याजिल्ह्यांतून येणारीं अपिलें ऐकणारी अपेलेट शाखा.

सन १८६९ च्या मुंबई दिवाणी न्यायालयांच्या कायद्यानें खालच्या पायऱ्या ठरल्या. पांच हजार रुपयांपर्यंतचे दावे दुसऱ्या वर्गाच्या दुय्यम न्यायाधीशाकडे चालत. पहिल्या वर्गाच्या दुय्यम न्यायाधीशास रकमेची मर्यादा नव्हती. त्याच्या हुकूमनाम्यावरील अपील पांच हजारांच्या आंतील असेल तर जिल्हा न्यायाधीशाकडे जाई. त्याहून अधिक रकमेचें असेल तर थेट हायकोर्टांत जाई. जिल्हा न्यायाधीशाच्या निकालावर कायद्याच्या मुद्द्यापुरतें दुसरें अपील हायकोर्टांत करतां येई.

आतां ब्राह्मणपुरीसारख्या गांवचा एक मोठा दावा मनांत आणावा. पांच हजारांवरील दावा असेल तर तो पहिल्या वर्गाच्या न्यायाधीशापुढें धुळ्यासच चालावयाचा, आणि त्यावरील अपील मधली पायरी न घेतां मुंबईस जावयाचें. म्हणजे धुळ्याची ती खुर्ची आणि मुंबईचें न्यायासन यांमध्यें कायद्याच्या दृष्टीनें एकच पायरी होती. परंतु त्या खुर्चीवरील माणसास तीच पायरी चढावयास चवदा वर्षें लागलीं. कागदास जी वाट जवळची होती, ती माणसास इतकी लांबची कां झाली, हाच या लेखाचा प्रश्न आहे.

२. नेमणूक कोणाच्या हातीं

सन १८६१ च्या कायद्यांत हायकोर्टाचा न्यायाधीश कोणास होतां येईल, याचे चार वर्ग सांगितले आहेत. पहिला, पांच वर्षांचे बॅरिस्टर. दुसरा, दहा वर्षें नोकरी झालेले व त्यांत निदान तीन वर्षें जिल्हा न्यायाधीशाचें काम केलेले सिव्हिल सर्व्हंट. तिसरा, प्रिन्सिपाल सदर अमीन किंवा स्मॉल कॉज कोर्टाचा न्यायाधीश याहून कमी नव्हे अशा न्यायाधिकारावर पांच वर्षें असलेले. चौथा, सदर अदालतीचे किंवा हायकोर्टाचे दहा वर्षांचे वकील. शिवाय अशी अट होती कीं, मुख्य न्यायाधीश धरून एकतृतीयांश जागा बॅरिस्टरांच्या व एकतृतीयांश सिव्हिलियनांच्या असल्याच पाहिजेत. बॅरिस्टर होण्यास विलायतेस जावें लागे. सिव्हिलियन होण्यासही त्या काळीं विलायतेसच परीक्षा द्यावी लागे. अर्थात् येथल्या येथें शिकलेल्या माणसास उरलेल्या एकतृतीयांशाचीच आशा, आणि तींतही निश्चिति कसलीच नव्हती.

कायम नेमणूक राणी सरकारची. आणि न्यायाधीशानें ती जागा राणीच्या मर्जीपर्यंत धारण करावयाची, असें कायद्यांत स्पष्ट आहे. जागा रिकामी पडल्यास कायम माणूस येईतोंपर्यंत हंगामी न्यायाधीश नेमण्याचा अधिकार मुंबईच्या गव्हर्नरास व त्याच्या कौन्सिलास होता. हा हंगामी आणि कायम यांमधला भेद बारीक वाटला तरी हिंदी न्यायाधीशांच्या इतिहासांत तो फार मोठा आहे. नानाभाई हरिदास यांस १८७३ त प्रथम हंगामी नेमलें. त्यानंतर अनेक वेळां त्यांनीं हंगामी काम केलें, व पुन्हा आपल्या जागीं परत आले. कायम न्यायाधीश ते १८८४ त झाले. मुंबई हायकोर्टाचे पहिले कायम हिंदी न्यायाधीश तेच. म्हणजे ज्याचें काम अकरा वर्षें चालत होतें, त्याचा अधिकार अकरा वर्षें मान्य झाला नव्हता. नानाभाई १८८९ त वारले. त्याच सालीं काशिनाथ त्र्यंबक तेलंग न्यायासनावर आले. तेलंग १ सप्टेंबर १८९३ रोजीं, वयाचीं त्रेचाळीस वर्षें नुकतीं पुरीं झालीं असतां, वारले. आणि त्यांच्या जागीं रानडे आले.

येथें तुलनेकरितां दुसऱ्या एका देशाची पद्धति सांगणें उपयोगी होईल. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १८९१ च्या मार्च महिन्यांत झालेल्या कायद्यानें संघराज्याचीं सर्किट अपील न्यायालयें स्थापन झालीं. त्यांच्या न्यायाधीशाचें नांव राष्ट्राध्यक्ष सुचवितो, सेनेट सभा त्यास संमति देते किंवा नाकारते, आणि संमति मिळाली म्हणजे सद्वर्तन असेपर्यंत तो न्यायाधीश जागेवरून हालत नाहीं. तेथील कसोटी एकदांच होते, आणि मतें मोजलीं जातात. रानड्यांची कसोटी पाहणारी सभा कोठेंही भरली नव्हती. ती कसोटी बदल्यांच्या हुकुमांत, हंगामी जागांत, आणि फोडलेल्या टपालांत विखुरलेली आहे. म्हणून ती शोधावयाची तर नोकरीचा क्रमच नीट लावला पाहिजे.

३. नोकरीचा क्रम

महादेवरावांचा जन्म १८ जानेवारी १८४२ रोजीं नाशिक जिल्ह्यांतील निफाड येथें झाला. बाळपणीचें शिक्षण कोल्हापुरास, पुढचें मुंबईस एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्यें. मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिक्युलेशन परीक्षा १८५९ त झाली, तींत उतरलेल्या एकवीस विद्यार्थ्यांपैकीं ते एक. १८६२ त बी. ए., १८६४ त एम. ए., आणि १८६६ त एल्. एल्. बी. अशा पदव्या त्यांनीं घेतल्या. नंतर सरकारी भाषांतरखातें, अक्कलकोटचा कारभार, कोल्हापूरचें न्यायाधीशपण आणि एल्फिन्स्टन कॉलेजांतील इंग्रजीची अध्यापकी, इतकीं कामें पांच वर्षांत झालीं. १८७१ त ॲडव्होकेटची परीक्षा ते उतरले. आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत पुण्यास पहिल्या वर्गाचे दुय्यम न्यायाधीश म्हणून त्यांची नेमणूक झाली. या जागेवर ते १८७३ त कायम झाले.

येथें एक गोष्ट लक्षांत घ्यावी. ॲडव्होकेट होऊन ते मुंबईस वकिली करते तर चौथ्या वर्गांतून, म्हणजे तेलंगांच्या वाटेनें, हायकोर्टाकडे गेले असते. त्यांनीं नोकरी पत्करली, तेव्हां ते तिसऱ्या वर्गांत आले. पहिल्या वर्गाचा दुय्यम न्यायाधीश म्हणजे जुन्या प्रिन्सिपाल सदर अमिनाच्याच जागेचा अधिकारी. तेव्हां पांच वर्षांनीं, म्हणजे १८७० ते ८० या दशकाच्या उत्तरार्धांतच, कायद्यानें त्यांस हायकोर्टाची पात्रता आली होती. वकिलाचें भवितव्य अशिलांच्या हातीं असतें, नोकराचें सरकारच्या. या निवडीचा परिणाम पुढें दिसतो.

पुण्यास सार्वजनिक सभा १८७० त स्थापन झाली होती. गणेश वासुदेव जोशी, ऊर्फ सार्वजनिक काका, हे तिचे हातपाय आणि रानडे हे तिचें डोकें, असें तेव्हां सर्व मानीत. जमीनधाऱ्याची चौकशी, १८७६–७७ च्या दुष्काळाची माहिती, १८७८ पासूनचें सभेचें त्रैमासिक, या सर्वांत रानड्यांचा हात होता. सरकारी न्यायाधीशानें हें करावें, हें वरिष्ठांस रुचण्यासारखें नव्हतें. १८७८ च्या आरंभीं त्यांची नाशिकास बदली झाली. दर्जा तोच, वर्ग तोच. फक्त पुणें सुटलें.

सन १८७९ त वासुदेव बळवंत फडके यांचें बंड झालें. १३ मे १८७९ च्या रात्रीं पुण्यांत बुधवारवाडा व विश्रामबागवाडा यांस आगी लागल्या. पुण्याच्या ब्राह्मणांचा, विशेषतः चित्पावनांचा, या सर्वांत हात आहे अशी शंका अधिकाऱ्यांच्या मनांत बळावली. गव्हर्नर सर रिचर्ड टेंपल यांनीं व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांस त्याच वर्षीं लिहिलेल्या पत्रांत ही शंका स्पष्ट आहे. रानडे उन्हाळ्याच्या सुटींत पुण्यास होते. त्याच मे महिन्यांत त्यांस धुळ्यास जाण्याचा हुकूम झाला.

४. धुळें

धुळ्याच्या या मुक्कामाविषयीं मुख्य साक्ष रमाबाई रानडे यांची आहे. त्यांचें 'आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी' हें पुस्तक १९१० त प्रसिद्ध झालें. रानड्यांचें टपाल उशिरां व फोडलेलें येई, वासुदेव बळवंताच्या नांवाचीं बंडखोरीचीं पत्रें त्यांस येत, आणि तीं ते पोलिसांकडे पाठवून देत, हें वृत्त त्यांनीं दिलें आहे.

या साक्षीचें मोल काय? पुस्तक प्रसंगानंतर तीस वर्षांनीं छापलेलें, आणि तें पत्नीनें पतीविषयीं लिहिलेलें, हे दोन आक्षेप उघड आहेत. परंतु रमाबाई तेव्हां विशीच्या आंतल्या असल्या तरी घरांत होत्या, टपाल त्यांच्या डोळ्यांसमोर येत होतें, आणि त्या काळीं त्या लिहावयास वाचावयास शिकत असल्यामुळें घरच्या पत्रांकडे त्यांचें लक्षही होतें. शिवाय त्यांची हकीकत बदलीच्या हुकुमाच्या काळाशीं व टेंपल साहेबांच्या शंकेशीं जुळते. एक पुरावा घरांतला, एक दप्तरांतला, आणि एक राज्यकर्त्याच्या पत्रांतला. तिन्ही निरनिराळ्या ठिकाणांहून येऊन एकाच महिन्यावर मिळतात. तेव्हां ही साक्ष आम्ही ग्राह्य मानतों.

त्या पत्रांचें काय करावें, हा प्रश्न साधा नव्हता. बंडवाल्यांची खरीं पत्रें असतील तर तीं ठेवून घेणें गुन्हा. आणि परीक्षेकरितां कोणी मुद्दाम धाडलेलीं असतील तर तीं ठेवून घेणें हाच पुरावा. रानड्यांनीं तीं पोलिसांकडे दिलीं. यावरून कांहींनीं त्यांच्या देशप्रीतीवर बोट ठेवलें आहे. आमच्या मतें हा आक्षेप त्यांच्या जागेचा विचार न करतां केलेला आहे. न्यायासनावर बसलेल्या माणसाकडे गुन्ह्याची वार्ता सांगणारें पत्र आलें तर तें पुढें पाठविणें हें त्याच्या अधिकारपदाचें कर्तव्यच आहे. तें न करणें असेल तर आधीं पद सोडिलें पाहिजे. सार्वजनिक काकांनीं त्याच वर्षीं वासुदेव बळवंताचें वकीलपत्र घेतलें. तें त्यांस शोभलें, कारण ते वकील होते. एकाच सभेचे हे दोन पुरुष आपापल्या पेशाच्या धर्माप्रमाणें वागले. त्यांत एकास शूर व दुसऱ्यास भीरु ठरविणें हें इतिहासाचें काम नव्हे.

दुसरी गोष्ट अशी. धुळ्याच्या बदलीस शिक्षा म्हणावयाचें कीं नाहीं? वर्ग कमी झाला नाहीं, अधिकार कमी झाला नाहीं. कागदावर ही बदली निर्दोष आहे. परंतु सुटीच्या दिवसांत, वाडे जळाल्याच्या महिन्यांतच, पुण्यापासून दूर तापीच्या खोऱ्याकडे झालेला हुकूम निव्वळ सोयीचा होता असें मानणें कठीण आहे. राज्यकर्त्यांस ज्याच्यावर खटला करतां येत नाहीं त्यास नजरेखालीं ठेवण्याचा हा मार्ग होता. वासुदेव बळवंत त्या वर्षाच्या जुलईंत पकडले गेले. पत्रांच्या परीक्षेंतूनही रानड्यांविरुद्ध कांहीं निघालें नाहीं.

५. संशय फिटल्याचीं चिन्हें

संशय फिटला असें जाहीर करणारा हुकूम कधीं निघत नसतो. तें नेमणुकांवरून ओळखावें लागतें. १८८१ च्या आरंभीं रानड्यांस मुंबईस प्रेसिडेन्सी मॅजिस्ट्रेटची हंगामी जागा दिली. ज्याचें टपाल दीड वर्षापूर्वीं फोडलें जात होतें, त्यास राजधानीच्या शहरांत फौजदारी अधिकार मिळाला. हें पहिलें चिन्ह. थोड्याच महिन्यांत दुसरें चिन्ह दिसलें. १८७५ च्या दंग्यांनंतर दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या कर्जाविषयीं १८७९ त कायदा झाला होता. त्याच्या अंमलबजावणीकरितां स्पेशल जज्ज डॉ. पोलन यांच्या हाताखालीं रानड्यांस असिस्टंट स्पेशल जज्ज नेमलें.

या कायद्याचें स्वरूप थोडें सांगितलें पाहिजे, कारण हायकोर्टाची खरी तयारी येथें झाली असें आमचें मत आहे. पुणें, सातारा, सोलापूर व अहमदनगर हे चार जिल्हे प्रथम त्याखालीं आले. सावकाराच्या दस्तऐवजावर आंधळेपणानें हुकूमनामा न करतां न्यायाधीशानें कर्जाच्या मुळापर्यंत जावें, मुद्दल किती, व्याज किती, फेड किती याचा हिशेब मांडावा, असा त्यांत आदेश होता. अशा पुष्कळ दाव्यांत नेहमींचें अपील बंद केलें होतें. त्याऐवजीं स्पेशल जज्जानें खालच्या न्यायालयांचीं दप्तरें स्वतः मागवून तपासावीं व चूक दिसल्यास दुरुस्त करावी, अशी योजना होती. गरीब कुळास अपिलाचा खर्च झेपत नाहीं, म्हणून न्यायाधीशानेंच त्याच्याकडे जावें, असा हा विचार. रानडे जिल्ह्याजिल्ह्यांतून हिंडले. सावकारी वह्या, गहाणखतें, तडजोडीचे कागद त्यांच्या नजरेखालून गेले. खानदेश या कायद्याखालीं तेव्हां आलेला नव्हता; परंतु जुन्या खतांचा मुळापासून हिशेब करण्याची संवय लागलेला माणूस पुढें खानदेशचीं अपिलें ऐकावयास बसला, हा लाभ लहान नव्हे.

पुढील क्रम असा : १८८४ त पुण्याच्या स्मॉल कॉज कोर्टाचे न्यायाधीश, १८८५ त मुंबईच्या कायदे कौन्सिलचे सभासद, आणि पुन्हा १८९० त व १८९३ त, १८८६ त हिंदुस्थान सरकारच्या फिनान्स कमिटीवर, १८८७ त सी. आय. ई. ही पदवी, आणि डॉ. पोलन यांच्या मागून स्वतः स्पेशल जज्ज.

या यादीकडे नुसतें पाहिलें तर 'सरकारशीं जमवून घेतलें' हें मत खरें वाटण्याचा संभव आहे. परंतु त्याच काळांत त्यांनीं काय सोडलें, हें पाहिलें पाहिजे. सार्वजनिक सभेशीं त्यांचा संबंध सुटला नाहीं. १८८५ त मुंबईस भरलेल्या काँग्रेसच्या पहिल्या सभेस ते हजर होते, आणि १८८७ पासून तिच्या बरोबरीनें भरणाऱ्या सामाजिक परिषदेचे ते चालकच होते. अर्थशास्त्रावरील त्यांचे निबंध सरकारी धोरणाच्या विरुद्ध जाणारे होते, आणि ते त्यांनीं उघडपणें वाचले. तेव्हां संशय गेला तो त्यांनीं मतें टाकलीं म्हणून गेला, असें क्रम सांगत नाहीं. संशय गेला तो त्यांच्या न्यायकामांत बोट ठेवावयास जागा सांपडली नाहीं म्हणून. मत एका खोलींत, काम दुसऱ्या खोलींत, आणि दोहोंची दारें उघडीं, अशी त्यांची रीत होती.

६. सन १८९३

तेलंगांच्या मृत्यूनें जागा रिकामी झाली, तेव्हां सर चार्ल्स सार्जंट हे मुख्य न्यायाधीश व लॉर्ड हॅरिस हे गव्हर्नर होते. रानडे ५१ वर्षांचे होते. दुय्यम न्यायाधीश झाल्यास २२ वर्षें होत आलीं होतीं. तेलंग त्यांच्याहून आठ वर्षांनीं लहान असतां चार वर्षें आधीं तेथें पोहोंचले होते. यावरून वकिलाची वाट व नोकराची वाट यांतील अंतर स्पष्ट होतें. २३ नोव्हेंबर १८९३ रोजीं रानडे न्यायासनावर बसले.

आतां पहिल्या मताचा विचार करूं. विद्वत्तेमुळेंच त्यांस टाळणें अशक्य झालें, असें म्हणणारांनीं नानाभाई हरिदासांचीं अकरा वर्षें आठवावीं. त्या व्यवस्थेंत कोणासही टाळणें शक्य होतें. हंगामी ठेवणें, दूर बदलणें, जागा भरल्या आहेत म्हणून सांगणें, ही सर्व साधनें कायदेशीर होतीं. रानड्यांची विद्वत्ता १८७९ त कमी नव्हती. ती धुळ्यास उपयोगी पडली नाहीं. तेव्हां विद्वत्ता हें कारण खरें, पण अपुरें. दुसऱ्या मताविषयीं वर लिहिलेंच आहे. आमचा निष्कर्ष असा कीं, या नेमणुकीस तीन गोष्टी कारण झाल्या : कायद्यानें दिलेली तिसऱ्या वर्गाची पात्रता, नानाभाई व तेलंग यांनीं आपल्या कामानें उघडें ठेवलेलें दार, आणि दोन तपें निर्दोष चाललेलें न्यायकाम. यांपैकीं एक जरी नसतें तरी धुळ्याची खुर्ची हीच त्यांची शेवटची पायरी होणें अगदीं संभवनीय होतें.

७. न्यायासनावर

हायकोर्टांत त्यांचें काम मुख्यतः अपेलेट शाखेंत झालें. इंडियन लॉ रिपोर्ट्सच्या मुंबई मालेंतील अठराव्यापासून पंचविसाव्यापर्यंतच्या खंडांत त्यांचे निकाल आहेत. दत्तक, स्त्रीधन, वांटणी, विधवेची पोटगी, वतन, गहाण, हे त्यांचे नेहमींचे विषय. ज्या संशोधकांस एकोणिसाव्या शतकांतील मराठी घराण्यांचीं वतनें व वारसा यांचा अभ्यास करावयाचा असेल, त्यांनीं हे खंड केवळ वकिलांचे ग्रंथ म्हणून बाजूस ठेवूं नयेत. प्रत्येक निकालाच्या आरंभीं वादाची हकीकत असते, आणि तींत वंशावळी, सनदा, खतांच्या तारखा हें सर्व पुराव्यानें तपासलेलें सांपडतें.

पदाची कसोटी पाहणारा एक प्रसंग १८९७ त आला. बाळ गंगाधर टिळक यांस राजद्रोहाच्या आरोपाखालीं पकडलें, तेव्हां जामिनाचा अर्ज प्रथम पार्सन्स व रानडे यांच्यापुढें गेला व नामंजूर झाला, पुढें न्या. बद्रुद्दीन तय्यबजी यांनीं तो मंजूर केला. ज्यास स्वतः अठरा वर्षांपूर्वीं बंडाच्या संशयांत राहावें लागलें, त्याच्यापुढें राजद्रोहाच्या आरोपींतील माणूस यावा, हा योग विलक्षण खरा. टिळकांचा व रानड्यांचा सामाजिक बाबतींत विरोध सर्वश्रुत असल्यामुळें या नामंजुरीवर तेव्हां व नंतरही टीका झाली. एका अर्जावर दोन पीठांचे दोन निर्णय झाले एवढें निश्चित आहे. त्यावरून हेतूचें अनुमान काढण्यास जो पुरावा पाहिजे तो अशा अर्जाच्या कागदांत नसतो, म्हणून तें अनुमान आम्ही काढीत नाहीं. परंतु हाही प्रसंग चरित्रांतून वगळणें योग्य नव्हे. स्तुतिपर लेखांत तो पुष्कळदां वगळला जातो.

याच वर्षांत ते इतिहासाकडेही वळले. मराठ्यांच्या सत्तेच्या उदयावरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९०० त निघाला. रावबहादुर गणेश चिमणाजी वाड यांनीं पेशव्यांच्या दप्तरांतून निवडलेल्या रोजनिश्यांवर त्यांनीं विवेचन केलें, व मराठी राज्यांतील नाणीं आणि टांकसाळी यांविषयीं निबंध लिहिला. त्या रोजनिश्यांत पेशव्यांची न्यायपद्धति त्यांस दिसली. रामशास्त्री प्रभुणे १७५९ त पेशव्यांचे मुख्य न्यायाधीश झाले. तेही धन्याच्या मर्जीवर नेमलेले, आणि तरी धन्याविरुद्ध बोलण्याची त्यांची कीर्ति आजवर टिकली आहे. धन्याच्या मर्जीवर ठेवलेल्या न्यायाधीशाचा न्याय कशावर टिकतो, हा प्रश्न रानड्यांस वाचनांतून कळला असें नव्हे. तो त्यांनीं धुळ्यास भोगला होता. १६ जानेवारी १९०१ रोजीं ते वारले. त्यांच्या जागेवर नारायण गणेश चंदावरकर आले.

८. उपसंहार

सन १९५० च्या जानेवारीच्या २६ तारखेपासून हायकोर्टाचा न्यायाधीश कोणाच्याही मर्जीवर जागा धारण करीत नाहीं. राज्यघटनेनें ठरविलेल्या वयापर्यंत ती त्याची आहे, व संसदेच्या दोन्ही सभागृहांच्या विशेष बहुमतावांचून त्यास काढतां येत नाहीं. तथापि घटनेंत दोन वर्षांपर्यंतच्या अतिरिक्त न्यायाधीशाची तरतूद आहे, आणि तो पुढें कायम होतो किंवा होत नाहीं, हा प्रश्न आजही उपस्थित होतो. हंगामी व कायम यांमधली ती जुनी रेषा नांव पालटून राहिली आहे. म्हणून १८७३ ते १८९३ या वीस वर्षांचा हा इतिहास केवळ जुना म्हणून पाहावयाचा नाहीं.

न. र. फाटक यांनीं १९२४ त लिहिलेलें रानड्यांचें चरित्र व रमाबाईंच्या आठवणी यांत धुळ्याचा प्रसंग घरच्या व पुण्याच्या बाजूनें आला आहे. तो खानदेशच्या बाजूनेंही लिहिला गेला पाहिजे. १८७९ व १८८० या सालांत धुळ्याच्या पहिल्या वर्गाच्या कोर्टांतून जे हुकूमनामे झाले, त्यांच्या शिक्क्यानिशीं दिलेल्या नकला पक्षकारांच्या घरीं जात. तापी, गोमाई यांच्या कांठच्या जुन्या वाड्यांत, देशमुख, पाटील व सावकार यांच्या वहीबासनांत अशा नकला जपलेल्या असतात; बहुधा निवाडपत्रांच्या गठ्ठ्याच्या तळाशीं, कारण मोडी कागदांचें महत्त्व लोकांस पटलें आहे पण छापील शिक्क्याच्या कागदांचें अद्यापि पटलेलें नाहीं. ब्राह्मणपुरी, शहादें, तळोदें, नंदुरबार या बाजूच्या संग्राहकांस आमची विनंति आहे कीं, असे कागद रद्दींत देऊं नयेत. त्यांवरील सन, दाव्याचा नंबर व खालील सही एवढें उतरून घेतलें तरी पुष्कळ झालें. ज्या सहीकडे सरकार संशयानें पाहात होतें, तिच्या आधारावर खानदेशांतील शेतें व घरें त्या दोन सालांत निर्वेध हातीं लागत होतीं. आणि तींतलीं कांहीं आजही त्याच घराण्यांकडे असतील.